प्रवास, पडाव आणि ठसा



ज्या चित्रकला शिक्षकांच्या स्मरणार्थ आपल्या शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, त्यांच्या कार्याशी संबंध असलेला विषय यंदा असावा, अशी संयोजकांची इच्छा होती. मी मराठी भाषा आणि वाङ्मय यांचा अध्यापक, चित्रकार नव्हे. म्हणून चित्रकलेकडे जाण्याची वाट मी एका शब्दावरून शोधणार आहे. तो शब्द आपण सर्वजण दिवसातून चार वेळा उच्चारतो, रिक्षावाल्याला सांगतो, पत्त्यात लिहितो. तो शब्द म्हणजे ‘पडाव’.

ग्वाल्हेरच्या स्टेशनाबाहेर पडून शहराकडे निघाले की पडाव लागतो. हिंदीत पडाव म्हणजे वाटेवरचा मुक्काम, तळ. मराठीलाही हा अर्थ अपरिचित नाही. परंतु कोकणच्या किनाऱ्यावर हाच शब्द माल आणि उतारू नेणाऱ्या नावेला वापरतात. म्हणजे एकाच शब्दाचा एक अर्थ थांबण्याचा आणि दुसरा चालण्याचा. आपल्या शहराचा इतिहासही या दोन अर्थांच्या मधला आहे. इ. स. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेस पडला आणि त्या तळाचेच ‘लष्कर’ नावाचे शहर झाले. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज त्या तळाबरोबर किंवा त्याच्या मागोमाग येथे आले. चालत आले आणि राहिले.

आज मला जो विषय मांडावयाचा आहे तोही असाच चालणे आणि थांबणे यांच्या मधला आहे. प्रवासात पाहिलेल्या स्थळांवर आधारलेली मुद्राचित्रांची मालिका, हा तो विषय. अशी मालिका कशी तयार होते, तिच्यात नेमके काय घडते आणि ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने तिच्याकडे लक्ष का द्यावे, एवढ्या तीन प्रश्नांचा मी विचार करणार आहे. माझे मुख्य प्रतिपादन प्रारंभीच सांगून ठेवतो. प्रवास वाटेवर होतो, पण त्याची चित्रमाला पडावावर होते. आपण काय पाहिले याचा निर्णय प्रवाशाला परत आल्यावर, स्वस्थ बसून, लाकडावर किंवा तांब्यावर हत्यार चालविताना करावा लागतो. हा निर्णय हेच या कलेचे मर्म होय.

१. मुद्राचित्र म्हणजे काय?

भेंडी आडवी कापून, शाईत बुडवून कागदावर फुले उमटविण्याचा खेळ आपण सर्वांनी केला आहे. मुद्राचित्रणाचे मूळ तत्त्व त्या खेळात आहे. जो भाग उंच राहतो त्याला रंग लागतो, जो खोल असतो तो कोरा राहतो. आपल्याच प्रदेशातील धार जिल्ह्यात बाग या गावी कापडावर लाकडी ठशांनी जी छपाई होते, ती याच तत्त्वावर चालते. राजस्थानातील छिपे आकृतीच्या रेषांच्या ठशाला ‘रेख’ म्हणतात आणि आत रंग भरणाऱ्या ठशाला ‘दत्ता’. रेख आधी, दत्ता नंतर. दोन्ही एकमेकांवर अचूक बसले पाहिजेत.

याउलट प्रकार तांब्याच्या पत्र्याचा. तेथे खोल रेषेत शाई राहते, वरचा भाग पुसून स्वच्छ केला जातो आणि ओलसर कागद यंत्राखाली दाबून ती शाई वर ओढून घेतली जाते. तिसरा प्रकार शिळाप्रेसचा. त्यात उंच-खोल असे काही नसते, तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत एवढ्या गुणावर दगड छापतो.

मराठी घरांना छापील चित्राचा परिचय बहुतांशी या तिसऱ्या प्रकारामुळे झाला. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. मुंबईत १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला. त्या चित्रांनी आपली देवघरे आणि दिवाणखाने भरले. मात्र येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. रविवर्म्याची लक्ष्मी आधी तैलरंगात रंगविली गेली आणि मग तिच्या प्रती छापल्या गेल्या. आपण ज्या मुद्राचित्राविषयी बोलत आहोत त्याला असे आधीचे पूर्ण चित्र नसते. चित्रकाराचे रेखाटन असते, पण चित्र प्रथम जन्माला येते ते ठसा कागदावरून उचलला जातो तेव्हाच. म्हणून त्याची प्रत्येक प्रत ही मूळच असते. पन्नास प्रती असल्या तर पन्नास मूळ चित्रे आहेत, असे समजावे.

२. त्रेपन्न पडाव

प्रवासाच्या चित्रमालांचा विचार जपानला वगळून करता येत नाही. एदो, म्हणजे आजचे तोकियो, आणि क्योतो ही दोन नगरे जोडणाऱ्या तोकाइदो नावाच्या मार्गावर त्रेपन्न मुक्कामाची ठिकाणे होती. आपल्या शहराच्या भाषेत बोलायचे तर त्रेपन्न पडाव. हिरोशिगे या चित्रकाराने १८३३-३४ च्या सुमारास या पडावांवर लाकडी ठशांची मालिका केली. प्रारंभीचे एदो आणि शेवटचे क्योतो धरून ती पंचावन्न चित्रांची झाली. सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत ती विकली गेली आणि ज्यांनी तो मार्ग कधी पाहिला नव्हता त्यांच्याही तो ओळखीचा झाला.

या मालिकेतील सर्वांत प्रसिद्ध चित्रांपैकी एक आहे कांबारा या पडावाचे. रात्र आहे, दाट बर्फ पडले आहे, तीन माणसे वाकून चालली आहेत. गंमत अशी, की कांबारा हा समुद्राजवळचा उबदार प्रदेश. इतके बर्फ तेथे सहसा पडत नाही. हिरोशिगेने तो सारा मार्ग स्वतः तुडविला होता की नाही, याविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत. मग हे चित्र खोटे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. पंचावन्न चित्रांच्या मालिकेत पाऊस, धुके, ऊन, संध्याकाळ यांचा क्रम लावताना त्याला एका ठिकाणी निःशब्दता हवी होती आणि ती त्याने कांबाऱ्याला दिली. मालिका म्हटली की एकेका चित्राचा विचार पुरत नाही. मागच्या-पुढच्या चित्रांशी त्याचे नाते ठरवावे लागते. कवितासंग्रहात कवितांचा क्रम लावणारा संपादक हेच करीत असतो.

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला येथे आपल्या एका जुन्या ग्रंथाची आठवण होणे साहजिक आहे. महानुभाव पंथाची ‘स्थानपोथी’ ही चक्रधरस्वामींनी ज्या ज्या ठिकाणी वास्तव्य केले त्या स्थानांची नोंद करते. देऊळ कोणते, दार कोणत्या दिशेला, स्वामी कोठे बसले, हे तीत अत्यंत काटेकोरपणे सांगितले आहे. स्वामी गेल्यानंतर अनुयायांनी त्या जागा पुन्हा पाहून, विचारपूस करून केलेली ही नोंद आहे. पडावांची मालिका रचून प्रवास जपण्याची बुद्धी आपल्या भाषेत इतकी जुनी आहे. आपण ती शब्दांत केली, जपानी लोकांनी लाकडात केली.

३. ग्वाल्हेर : दोन परक्या चित्रमालांत

आता आपल्या शहराकडे येऊ. ग्वाल्हेरचा किल्ला दोन वेगवेगळ्या शतकांत, दोन वेगवेगळ्या देशांच्या चित्रकारांच्या प्रवासमालांत छापला गेला आहे. पहिला चित्रकार विल्यम हॉजेस हा इंग्रज. कॅप्टन कुकच्या १७७२ ते १७७५ या सफरीत तो दक्षिण समुद्रात जाऊन आला होता. १७८० मध्ये तो हिंदुस्थानात उतरला आणि वॉरन हेस्टिंग्जचा आश्रय त्याला लाभला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कॅप्टन पॉपमच्या तुकडीने रात्री शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांकडून घेतला होता. अजिंक्य म्हणून ख्यात असलेला हा किल्ला पडल्याचे कंपनीच्या लोकांना मोठे अप्रूप होते. हॉजेस १७८३ मध्ये येथे आला. त्याच वर्षी महादजींनी किल्ला परत घेतला, हे आपणास ठाऊक आहेच.

इंग्लंडला परतल्यावर हॉजेसने १७८५ ते १७८८ या काळात अठ्ठेचाळीस चित्रांचा संग्रह छापला. त्यात ग्वाल्हेरच्या किल्ल्याची दृश्ये आहेत. हे काम तांब्याच्या पत्र्यावरचे. पत्र्यावर राळेची अगदी बारीक पूड बसवून तो आम्लात खाऊ द्यायचा, म्हणजे रेषेऐवजी पाण्याच्या रंगासारख्या छटा उमटतात. या पद्धतीला अ‍ॅक्वाटिंट असे नाव आहे. कातळ, आभाळ, धूसर अंतर यांसाठी ती उत्तम. हॉजेसच्या दृष्टीने ग्वाल्हेर म्हणजे मुख्यतः एक अवाढव्य कातळ होता. जिंकण्याजोगी आणि चकित करणारी जागा. ज्या हेतूने प्रवासी येतो तो हेतू त्याच्या ठशात उतरतो.

दुसरे चित्रकार हिरोशी योशिदा. यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण प्रवासाच्या मुद्राचित्रमालेचा विचार विसाव्या शतकात त्यांच्याइतका कसून फारच थोड्यांनी केला असेल.

योशिदा यांचा जन्म १८७६ चा, मृत्यू १९५० चा. शिक्षणाने ते पाश्चात्त्य पद्धतीचे तैलरंग आणि जलरंग यांत काम करणारे चित्रकार. डोंगर चढण्याचा त्यांना छंद. १९२० मध्ये वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकासाठी ते लाकडी ठशांच्या चित्रांकडे वळले. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत वातानाबे यांच्याकडील ठसे व चित्रांचा साठा जळून गेला. त्यानंतर योशिदा अमेरिकेस गेले. तेथे जपानी मुद्राचित्रांची चाहत त्यांनी पाहिली आणि १९२५ मध्ये परतल्यावर स्वतःची कार्यशाळा काढली. तोवर जपानी रीत अशी होती, की चित्रकाराने रेखाटन करून द्यावे. पुढचे काम खोदणारा, छापणारा आणि प्रकाशक यांचे. योशिदा यांनी खोदण्याचे व छापण्याचे काम स्वतः शिकून घेतले आणि कारागीर नेमूनही प्रत्येक पायरीवर स्वतःची नजर ठेवली. आपल्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतीच्या कडेला ते ‘जिझुरी’ म्हणजे ‘स्वतः छापलेले’ अशी मोहोर उमटवीत.

अमेरिका आणि युरोप यांच्या मालिका १९२५ पासून झाल्या. त्यानंतर १९३० च्या अखेरीस योशिदा आपला मुलगा तोशी यास बरोबर घेऊन हिंदुस्थानच्या प्रवासास निघाले. तोशी तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पुढे तोही नामवंत मुद्राचित्रकार झाला. पुढच्या वर्षी परतल्यावर हिंदुस्थान आणि आग्नेय आशिया यांवरील बत्तीस चित्रांची मालिका सिद्ध झाली. तीत कांचनगंगा आहे, काशीचा घाट आहे, अमृतसरचे सुवर्णमंदिर, सांचीचे तोरण, जयपूरचा अजमेरी दरवाजा, उदयपूर, मदुरा ही सारी स्थळे आहेत. ताजमहाल एकदाच काढून त्यांचे समाधान झाले नाही. सकाळच्या धुक्यात, चांदण्यात, रात्री असा तो पुन्हापुन्हा येतो. आणि या मालिकेत आपला ग्वाल्हेरचा किल्लाही आहे.

हॉजेस आणि योशिदा यांच्यात दीडशे वर्षांचे अंतर आहे. एक राज्यकर्त्यांच्या आश्रयाने आला, दुसरा प्रकाशाचा शोध घेत. तथापि दोघांत एक साम्य आहे. दोघेही थोडे दिवस राहून गेले आणि दोघांनीही ग्वाल्हेर घडविले ते ग्वाल्हेरपासून हजारो मैल दूर, आपापल्या कामाच्या टेबलाशी.

४. ठसा कसा घडतो

हे काम तेथे कसे चालते, हे समजण्यासाठी आपण एक कल्पना करू. किल्ल्यावरील मानमंदिराची पूर्वेकडची भिंत आपल्याला जपानी पद्धतीने छापायची आहे. राजा मानसिंह तोमर १४८६ ते १५१६ या काळात राज्य करीत होता; त्याने बांधलेल्या या महालाच्या पूर्वेकडील भिंतीत सहा गोल बुरूज आहेत आणि त्यांच्या माथ्यावर घुमट. वाळूच्या दगडाच्या त्या भिंतीवर निळ्या, पिवळ्या, हिरव्या चकाकीच्या फरशा बसविलेल्या आहेत. त्यांत बदकांची रांग आहे, हत्ती आहेत, मगरी आहेत. आपण सर्वांनी ती लहानपणापासून पाहिली आहेत.

पहिली पायरी रेखाटनाची. पातळ कागदावर फक्त रेषांचे चित्र काढले जाते आणि ते उलटे करून डोंगरी चेरीच्या लाकडाच्या फळीवर चिकटविले जाते. हे लाकूड कठीण आणि एकसारख्या पोताचे असते, म्हणून केसासारखी रेषाही त्यात टिकते. मग रेषा तेवढ्या ठेवून बाजूचे लाकूड कोरून काढतात. या कामात कागदावरचे रेखाटन नाहीसे होते. हातातले चित्र गमावल्यावाचून ठसा मिळत नाही, हे या कलेतील पहिले वैराग्य म्हणावे लागेल.

दुसरी पायरी रंग वेगळे करण्याची. रेषांच्या ठशाच्या अनेक प्रती काढतात आणि प्रत्येक प्रतीवर एकेका रंगाची जागा दाखवितात. दगडाचा तांबूस पिवळा एका फळीवर, फरशीचा निळा दुसऱ्या, पिवळा तिसऱ्या, आभाळ चौथ्या, असे ठसे वाढत जातात. सावल्यांसाठी राखाडी रंगाचे ठसे वेगळे असतात. येथे चित्रकाराला स्वतःला विचारावे लागते : बुरुजाच्या सावलीत जो रंग मी पाहिला, तो दगडाचाच गडद रंग होता की त्यात फरशीचा निळा मिसळला होता? तैलरंगात हा प्रश्न कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात मिटतो. ठशात त्याचे उत्तर लाकूड कोरून द्यावे लागते आणि एकदा कोरलेले लाकूड परत भरत नाही.

तिसरी पायरी जुळणीची. प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात काटकोनी खाच आणि लांब कडेला एक सरळ खाच करतात. कागदाचा कोपरा आणि कड त्या खाचांत टेकवली की प्रत्येक वेळी कागद त्याच जागी बसतो. जपानीत या खुणांना ‘केन्तो’ म्हणतात. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला चिवट कागद तुरटी आणि सरस लावून, ओलसर ठेवून वापरतात. ओल कमी-जास्त झाली तर कागद आखडतो किंवा फुगतो आणि निळे बदक फरशीबाहेर जाते.

चौथी पायरी छपाईची. पाण्यात कालवलेला रंग आणि थोडी भाताची खळ ब्रशाने ठशावर पसरतात, कागद ठेवतात आणि ‘बारेन’ नावाच्या, बांबूच्या सालपटाने मढविलेल्या चपट्या गोल गादीने पाठीमागून घासतात. यंत्र नाही. आभाळ वर गडद आणि खाली फिके हवे असेल, तर ठशावरच रंग आणि पाणी यांचे प्रमाण बदलत नेतात. ते कौशल्य प्रत्येक प्रतीला नव्याने करावे लागते. जुन्या जपानी चित्रात दहाबारा वेळा छपाई पुरे होत असे. योशिदा यांच्या चित्रांत तीस किंवा त्याहून अधिक वेळा कागद ठशावर जाई आणि १९३७ च्या एका चित्रात तर शहाण्णव वेळा. हे सारे त्यांनी आपल्या १९३९ च्या इंग्रजी पुस्तकात सविस्तर समजावून दिले आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि येथे आपला कोकणातला ‘पडाव’ आठवतो. १९२६ मध्ये योशिदा यांनी शिडाच्या नावांचे एक चित्र केले. नावा त्याच, ठसेही तेच; पण रंग बदलून त्यांनी त्याच ठशांतून सकाळ, दुपारपूर्वीची वेळ, दुपार, धुके, संध्याकाळ आणि रात्र अशी सहा चित्रे छापली. फतेहपूर शिक्रीच्या चित्रात दगडी जाळीतून झिरपणारा सोनेरी प्रकाश आणि तेथे बसलेली माणसे आहेत. तो प्रकाशही असाच ठशावर ठसा चढवीत साधलेला आहे. स्थळ एकच असते, पण ते पाहण्याची वेळ ही निवड असते, हे यापेक्षा स्पष्ट कोणत्या माध्यमाने दाखविले असेल असे मला वाटत नाही.

५. निवड आणि वगळणे

यावर एक आक्षेप येईल, तो असा की आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. किल्ल्यावर गेलेला मुलगा एका तासात दोनशे छायाचित्रे घेऊन येतो. मग या उपद्व्यापाचे प्रयोजन काय? छायाचित्राविषयी मला अनादर नाही. परंतु दोनशे छायाचित्रे घेणाऱ्याला निवडण्याचा प्रसंगच येत नाही. बत्तीस चित्रांसाठी शेकडो फळ्या कोराव्या लागणाऱ्या माणसाला प्रत्येक पडावावर विचारावे लागते, की येथे मी काय पाहिले आणि त्यातले काय उरले.

या निवडीची मर्यादाही असते. १९३०-३१ च्या ज्या हिवाळ्यात योशिदा येथे होते, त्याच वेळी देश सविनय कायदेभंगाच्या चळवळीने ढवळून निघाला होता. त्यांच्या हिंदुस्थानात त्याचा मागमूस नाही. हॉजेसच्या किल्ल्यात किल्ल्याखालच्या वस्तीचे सुखदुःख नाही. येणारा प्रवासी जे शोधत येतो तेच त्याला दिसते; इतर गोष्टी रेषेबाहेर राहतात. याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्यांनी त्या गोष्टी पाहिल्या त्यांनी त्या कोराव्यात, हेच त्याचे उत्तर आहे.

आपल्या वाङ्मयात असे एक उत्तर आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. परतल्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला; तो छापून प्रसिद्ध झाला १९०७ मध्ये. पंचवीस वर्षांच्या अंतराने कित्येक तपशील झडले असतील. पण जे राहिले ते ठशासारखे राहिले. गरीब भिक्षुकाला पळापळीत, तहानेत, लुटीत जे दिसले ते कोणत्याही सरकारी कागदात नाही. एक सामान्य मराठी प्रवासी घरी परतून, स्वस्थ बसून काय करू शकतो याचा हा पुरावा आहे.

६. आपले पडाव

आता शेवटच्या प्रश्नाकडे येतो. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने या साऱ्याकडे का पाहावे?

आपण येथे प्रवासी म्हणून आलो, हे मी प्रारंभी म्हटले. दोनशेहून अधिक वर्षे झाली. राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना सवय लागते आणि रोजची वाट दिसेनाशी होते. त्यातच आपली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-बंगळुरात आणि समुद्रापलीकडे गेली आहेत. घरात मराठी बोलणारी तिसरी-चौथी पिढी येथे विरळ होत चालली आहे, हे या सभागृहातील प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याविषयी गळा काढण्याने काही साधणार नाही. पण ज्या शहरात आपली भाषा इतकी वर्षे नांदली, त्याचे आपल्या नजरेतून घडलेले चित्र आपण मागे ठेवणार की नाही, हा प्रश्न खरा आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे शहर म्हणून मान दिला. तो योग्यच आहे. कानांनी जपलेले ग्वाल्हेर त्यामुळे जगाला कळले. डोळ्यांनी जपलेले ग्वाल्हेर मात्र हॉजेस आणि योशिदा यांनी छापले तेवढेच बाहेर ठाऊक आहे.

आपण काय गमावतो याचे एक उदाहरण देतो. ग्वाल्हेरहून श्योपुरास जाणारी दोन फुटी रुळांची छोटी गाडी आपण सर्वांनी पाहिली आहे, पुष्कळांनी तिच्यातून प्रवास केला आहे. सुमारे दोनशे किलोमीटरचा तो मार्ग. सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ, वीरपूर अशी त्याची स्थानके. टपावर बसलेली माणसे, चंबळेच्या मुलखातल्या घळी, कुनो नदीवरचा पूल. हा आपला तोकाइदो होता. २०२० मध्ये ती गाडी थांबली आणि मार्गाचे रुंदीकरण हाती घेण्यात आले. रुंद रूळ लोकांच्या सोयीचेच आहेत; त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. परंतु त्या स्थानकांची पडावागणिक मालिका कोरून ठेवण्यासाठी आपल्याजवळ शंभर वर्षांहून अधिक अवधी होता.

म्हणून शाळेपुढे एक सूचना ठेवून मी हे व्याख्यान संपवितो. ज्यांच्या नावे आपण जमलो आहोत, त्या गुरुजींच्या स्मरणार्थ दरवर्षी एक लहानशी चित्रमाला व्हावी. चेरीचे लाकूड आणि तीस ठसे आपल्याला नकोत. लिनोलियमचा किंवा साध्या प्लायवूडचा तुकडा, कोरण्याची दोन-तीन हत्यारे, छपाईची शाई, रूळ आणि पाठीमागून घासण्यासाठी स्वयंपाकघरातला लाकडी चमचा एवढे साहित्य पुरते. हत्यार नेहमी हाताच्या विरुद्ध दिशेला चालवावे, अक्षरे उलटी कोरावीत आणि जुळणीसाठी फळीच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याची पट्टी चिकटवावी, या तीन गोष्टी मुलांना एका तासात समजतात. एक रेख आणि दोन दत्ता, म्हणजे तीन ठशांचे चित्र आठवीचा विद्यार्थी सहज करू शकेल.

एका वर्षी एक वाट घ्यावी आणि तिचे आठ पडाव निवडावेत. पहिली वाट मी सुचवितो : पडावापासून निघून फुलबागेजवळची राणी लक्ष्मीबाईंची समाधी, जयविलास, महाराजवाडा, सराफा असे करीत किल्ल्याच्या दरवाजापर्यंत. मुलांनी ती पायी चालावी, वहीत रेखाटावे, आणि मग शाळेत परत येऊन आठवडाभर काही कोरू नये. त्या आठवड्यात जे विसरेल ते जाऊ द्यावे; जे राहील ते कोरावे. प्रत्येक चित्राखाली त्या जागेविषयी दोन ओळी मराठीत लिहाव्यात, आणि त्या लिहिण्यासाठी मुलांनी आपल्या आजी-आजोबांना विचारावे. पडावावरील तानसेन कलावीथिकेत ही मालिका मांडण्याचा प्रयत्न करता येईल. प्रती चाळीस-पन्नास काढून दूरगावच्या माजी विद्यार्थ्यांना पाठवाव्यात. कागद आणि टपाल यांचा खर्च तेच आनंदाने उचलतील, अशी माझी खात्री आहे. ग्वाल्हेर सोडून तीस वर्षे झालेल्या माणसाच्या भिंतीवर आपल्या शाळेतल्या मुलाने कोरलेला सराफा लागावा, यापेक्षा मोठे स्मारक एखाद्या चित्रकला शिक्षकाला कोणते हवे?

पहिल्या वर्षीच्या छपाईचा कागद माझ्याकडून घ्यावा, अशी संयोजकांना विनंती आहे.